शंका येऊ द्यावी, तिचा रवंथ करू नये

तपासणीचा अहवाल नॉर्मल आला की मनाला किती वेळ हायसे वाटते, हे आरोग्याची सतत चिंता वाहणाऱ्या माणसाला विचारावे. कोणी दोन दिवस सांगेल, कोणी संध्याकाळपर्यंत, आणि प्रामाणिकपणे बोलणारा एखादा म्हणेल की दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंतच. कारण शेवटच्या पायरीवर ‘तपासताना डॉक्टरांनी घाई तर केली नाही ना?’ हा प्रश्न वाट पाहत उभा असतो. घरी पोहोचेपर्यंत मनातल्या मनात सगळी भेट पुन्हा एकदा घडते: मी लक्षण नीट सांगितले का, डॉक्टर मध्येच क्षणभर थांबले ते का, ‘आत्ता तरी काही दिसत नाही’ यातल्या ‘आत्ता तरी’चा अर्थ काय. मानसशास्त्रात या घोळवण्याला ‘पुनरावर्ती नकारात्मक विचार’ म्हणतात. मराठीत त्यासाठी जुना आणि नेमका शब्द आहे, रवंथ. गाय रवंथ करते तेव्हा चारा पचतो. माणूस शंकेचा रवंथ करतो तेव्हा शंका पचत नाही, फुगते.

पुढे जे सांगितले आहे ते या रवंथाबद्दल आहे. शंका मुळात येऊच नये यासाठी येथे उपाय दिलेला नाही, कारण तसा उपाय नाही. छातीत कळ येते, मानेला गाठीसारखे काही लागते, ओळखीतल्या कोणाच्या आजाराची बातमी कानावर पडते, आणि ‘हे तेच तर नसेल?’ अशी पाल मनात चुकचुकते. तिच्यावर आपली सत्ता चालत नाही आणि ती चालावी म्हणून धडपडण्यातही अर्थ नाही. मात्र तिच्यानंतर जी पाऊण तासाची उलटतपासणी चालते, ती आपोआप घडत नसते. ती आपण करत असतो. शंका येते आणि विचार केला जातो, हा भेद एकदा ओळखता आला की काम कोठे करायचे हे कळते.

आधी डॉक्टर

मनाचे उपाय सुरू करण्यापूर्वी शरीराची बाजू एकदा नीट पाहून घेणे आवश्यक आहे. नवे लक्षण असेल, ते टिकून राहत असेल किंवा वाढत असेल, तर ते डॉक्टरांना दाखवावे. छातीत दडपण येऊन घाम फुटणे, शरीराच्या एका बाजूची शक्ती अचानक जाणे, बोलणे अडखळणे, श्वास न पुरणे, रक्तस्राव न थांबणे अशा वेळी येथील कोणताही अभ्यास करत बसू नये. तातडीने उपचार घ्यावेत. परंतु एकदा तपासणी झाली, डॉक्टरांनी मत दिले आणि पुढे केव्हा यायचे ते सांगितले, की त्या लक्षणापुरता वैद्यकीय प्रश्न त्या तारखेपर्यंत मिटलेला असतो. शक्यतो एकाच डॉक्टरांकडे जावे. तीन डॉक्टरांची तीन मते घेणाऱ्याच्या हाती तीन मतांमधला शब्दाशब्दाचा फरक येतो आणि रवंथाला तेवढाच नवा चारा मिळतो.

ज्यांना खरोखरच एखादा आजार आहे, हृदयविकार आहे किंवा कर्करोगाचे उपचार होऊन गेले आहेत, त्यांनाही आरोग्यचिंता असू शकते. आजार खरा आहे म्हणून चिंता योग्य प्रमाणातच आहे, असे होत नाही. आणि चिंता अती आहे म्हणून आजार खोटा, असेही नाही. पूर्वी अशा माणसाला ‘हायपोकॉन्ड्रियाक’ म्हणून मोकळे होत असत. ग्रीक भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ फासळ्यांच्या कुर्चेखालचा भाग एवढाच आहे, कारण खिन्नता आणि भीती तेथे उपजते अशी समजूत होती. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने मनोविकारांच्या २०१३ च्या वर्गीकरणात हा शब्द वगळला आणि त्याऐवजी आजाराची चिंता व शारीरिक लक्षणांचा त्रास अशी दोन निदाने केली. जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द ठेवला, पण त्याची जागा मंत्रचळासारख्या विकारांच्या शेजारी केली. मला ही दुसरी जागा अधिक बोलकी वाटते. कुलूप लागले आहे हे दिसत असूनही परत जाऊन ओढून पाहणारा हात आणि मानेची गाठ दिवसातून तीसदा चाचपणारा हात एकाच ओढीने चालतात.

रवंथ चालू आहे हे ओळखणे

रवंथाचे ढोबळमानाने दोन सूर असतात. एक पुढे पाहतो: ‘असे झाले तर?’ दुसरा मागे पाहतो: ‘असे का झाले? माझ्याच वाट्याला का? तेव्हाच का दाखवले नाही?’ पहिल्याने भीती वाढते, दुसऱ्याने खिन्नता. ‘का’च्या या मागे पाहणाऱ्या प्रकारावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सेमा यांनी मांडणी केली आणि कारणे उकरत बसल्याने उदासी लांबते हे दाखवले. आरोग्यचिंतेत हे दोन्ही सूर एकाच पाऊण तासात आळीपाळीने लागतात, त्यामुळे माणसाला वाटते की आपण विषयाचा सर्व बाजूंनी विचार करत आहोत.

खरा विचार आणि रवंथ यांत फरक करण्यासाठी एक साधी कसोटी पुरते. दोन मिनिटे विचार झाला की स्वतःला विचारावे: या दोन मिनिटांत काही ठरले का? पूर्वी ठाऊक नव्हते असे काही कळले का? मन थोडे तरी हलके झाले का? तिन्ही उत्तरे नकारार्थी आली, तर आणखी चाळीस मिनिटांनीही ती तशीच येणार आहेत.

एक आठवडा फक्त नोंद ठेवावी, काही बदलू नये. वहीत वेळ, ठिकाण, शंका कशावरून आली, ती कोणत्या शब्दांत आली, त्यानंतर आपण काय केले आणि ते किती वेळ चालले, एवढे लिहावे. येथे एक चूक हमखास होते, म्हणून आधीच सांगतो: ही लक्षणांची वही नव्हे. नाडीचे ठोके, रक्तदाब, गाठीचा आकार, शौचाचा रंग यांतले काहीही तीत लिहायचे नाही. लिहायचे ते मनाने काय केले ते. आठवड्याच्या शेवटी बहुतेकांना दिसते की शंका ठरावीक ठिकाणी भेटतात: अंघोळ करताना, अंथरुणावर पडल्यावर, फोन चाळल्यावर, घरात एकटे असताना. ‘दिवसभर हेच चालू असते’ असे वाटत असते, आणि वहीत दिवसातून चार वेळा, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास, असे निघते. हा काळ कमी नाही. पण चार ठिकाणी पहारा ठेवणे आणि दिवसभर पहारा ठेवणे यांत पुष्कळ अंतर आहे.

विचार पुढे ढकलणे

सर्वांत उपयोगी पडणारे तंत्र दिसायला अगदी बाळबोध आहे. १९८३ मध्ये मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिंतेने त्रासलेल्या विद्यार्थ्यांना चिंता बंद करायला सांगितले नाही. रोज ठरावीक जागी, ठरावीक वेळी, अर्धा तास चिंता करायला सांगितले आणि इतर वेळी आलेली चिंता त्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवायला सांगितले. त्यांची चिंतेत जाणारी वेळ कमी झाली. आरोग्यचिंतेत हे तंत्र असे वापरावे.

एक वेळ ठरवावी. समजा, संध्याकाळी सव्वासहा ते पावणेसात. झोपण्याच्या आधीचे दोन तास टाळावेत. जागाही ठरवावी, पण अंथरूण किंवा नेहमीची आवडती खुर्ची नको. दिवसा शंका आली की तिच्याशी वाद घालायचा नाही, तिला खोडून काढायचे नाही, ‘काही नाही, गॅसेस असतील’ अशी समजूतही घालायची नाही. कागदावर चार-पाच शब्दांत तिची नोंद करायची, मनात म्हणायचे, ‘आली, लिहिली, सव्वासहाला पाहू,’ आणि हातातले काम जेथे सोडले होते तेथून पुढे न्यायचे. शंका परत येईल. पहिल्या दिवशी ती वीस वेळाही परत येईल. वीसही वेळा तेच वाक्य म्हणायचे. कागदावर तीच शंका पुन्हा आली तर नव्याने न लिहिता पुढे एक रेघ ओढावी.

सव्वासहा वाजले की कागद काढावा. ज्या शंकेचे आता काही वाटत नाही ती खोडावी. बरीचशी यादी अशीच खोडली जाते, आणि सकाळी दहा वाजता जी गोष्ट जीवन-मरणाची होती ती सव्वासहाला ओळखूही येत नाही, हा अनुभव दहा उपदेशांपेक्षा मोलाचा असतो. जी शंका उरेल तिच्याबद्दल लेखणी हातात घेऊन विचार करावा, नुसता डोक्यात नाही. लिहिताना वाक्य पूर्ण करावे लागते, तर डोक्यात एकच अर्धे वाक्य शंभर वेळा फिरू शकते. पावणेसात वाजता उठायचे, विषय अर्धवट असला तरी. उरलेले उद्या.

यात फसगत होते ती अशी की माणूस पुढे ढकलण्याचा अर्थ दाबून टाकणे असा घेतो. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये काही जणांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले आणि तो आलाच तर घंटा वाजवायला सांगितली. घंटा वाजत राहिल्या. इतकेच नव्हे, तर नंतर अस्वलाचा विचार करायची मुभा मिळाल्यावर या मंडळींना तो, आधी न दाबणाऱ्यांपेक्षा, अधिक वेळा आला. म्हणून ‘कॅन्सरचा विचार करायचा नाही’ अशी आज्ञा स्वतःला देऊ नये. रेल्वे स्थानकावर आपण गाडीची वाट पाहत उभे असतो आणि दुसऱ्या कुठल्या तरी गाडीची उद्घोषणा होते. आपण ती ऐकतो, कान झाकत नाही, आणि त्या फलाटाकडे धावतही नाही. शंकेशी एवढ्याच बेताने वागायचे आहे.

‘विचार केला नाही तर गाफील राहीन’

बरेच लोक हे तंत्र चार दिवस करतात आणि सोडतात. आळस हे त्याचे कारण नसते. आत खोलवर एक समजूत असते की हा विचारच आपल्याला वाचवतो आहे. मी काळजी करतो म्हणून सावध आहे; काळजी सोडली आणि नेमका आजार निघाला, तर स्वतःला क्षमा करता येणार नाही. काहींच्या मनात ही समजूत आणखी एक पायरी पुढे जाते: निर्धास्त झालो की नियती गाठेल. इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ एड्रियन वेल्स यांची उपचारपद्धती याच मुद्द्यावर उभी आहे. विचारात काय आहे यापेक्षा, विचार करण्याबद्दल आपल्या समजुती काय आहेत, ते तपासावे असे ती सांगते.

या समजुतीशी वाद घालण्यापेक्षा तिची परीक्षा घ्यावी. एक दिवस नेहमीसारखी मनसोक्त काळजी करावी, दुसरा दिवस सगळे विचार सव्वासहावर ढकलावेत, आणि असे सहा दिवस आलटून पालटून करावे. रोज रात्री तीनच गोष्टी लिहाव्यात: आज शरीराबद्दल उपयोगाचे असे नवे काय कळले, आज कोणता निर्णय झाला, आज दिवस कसा गेला. पहिल्या दोन रकान्यांत काळजीच्या दिवशी अधिक काही भरले जात असेल, तर काळजी करण्यात तथ्य आहे असे खुशाल मानावे. तसे भरले गेल्याचे मी अजून पाहिलेले नाही. सावध माणूस ठरलेल्या तारखेला तपासणीला जातो, औषध वेळेवर घेतो. यातल्या कशालाही रवंथ लागत नाही. साप साप म्हणून भुई धोपटल्याने साप सापडत नाही, हात मात्र दुखतात.

उलट बाजूची समजूतही असते: ‘हे विचार माझ्या हातात नाहीत, एकदा सुरू झाले की थांबतच नाहीत.’ यासाठी वहीतलीच एखादी नोंद पुरते. रवंथ ऐन भरात असताना दाराची बेल वाजली, मूल पडले, कार्यालयातून फोन आला, तेव्हा तो कोठे गेला होता? पंधरा मिनिटे तो नव्हता आणि तो हाकलण्यासाठी काही करावे लागले नाही.

‘का’ऐवजी ‘आता काय’

एक्सेटर विद्यापीठातील एडवर्ड वॉटकिन्स यांनी रवंथावर बरेच काम केले आहे आणि त्यांचे एक निरीक्षण फार उपयोगाचे आहे: तोच विषय अमूर्त, व्यापक प्रश्नांतून हाताळला तर मन अडकते आणि ठोस, तपशिलाच्या प्रश्नांतून हाताळला तर सुटते. ‘माझ्या आरोग्याचे काय होणार?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘गुरुवारी डॉक्टरांना कोणते दोन प्रश्न विचारायचे?’ याला आहे. म्हणून सव्वासहाच्या बैठकीत प्रत्येक उरलेल्या शंकेपुढे लिहावे की यात आज मला करता येण्यासारखी, पंधरा मिनिटांत संपणारी, एखादी गोष्ट आहे का. असेल तर ती करावी किंवा तिची वेळ ठरवावी. नसेल तर तसे स्पष्ट लिहावे: ‘आज करण्यासारखे काही नाही.’

आरोग्यचिंतेत मात्र ‘ठोस’ या शब्दाचा भलताच अर्थ लावला जाण्याचा धोका आहे. डोके नेमके कोठे दुखते, उजवीकडे जास्त की डावीकडे, कालपेक्षा आज किती, असा तपशील गोळा करणे म्हणजे ठोस विचार, असे वाटू शकते. तो पहारा आहे. ठोसपणा कृतीबद्दल हवा, शरीराबद्दल नको.

रवंथाला चारा कोठून मिळतो

विचार नुसता विचारावर जगत नाही. त्याला तीन ठिकाणांहून रसद येते: शरीर चाचपणे, माहिती शोधणे आणि इतरांकडून दिलासा मागणे. या तिन्हींना हात न लावता वरचे सगळे केले, तर भांड्याला भोक ठेवून पाणी भरल्यासारखे होते.

चाचपण्याबद्दल कोणी सांगून पटत नाही, म्हणून एक प्रयोग आत्ता करून पाहावा. काही न पिता, तोंडात काही न घेता, सलग पाच वेळा आवंढा गिळावा. पहिले दोन सहज जातात. तिसऱ्याला किंचित जोर लागतो. चौथ्या-पाचव्याला घसा आवळल्यासारखा होतो, मध्येच काही अडकल्यासारखे वाटते, आणि गिळता येईल की नाही असा क्षण येतो. घशात काहीही झालेले नसते; लाळ संपलेली असते. ज्याला घशाच्या आजाराची भीती आहे तो दिवसातून शंभर वेळा नेमके हेच ‘तपासत’ असतो आणि दर वेळी त्याला पुरावा मिळतो. गाठीचेही तसेच. कातडीखालची निरोगी गाठही रोज दाबून, चिमटीत धरून पाहिली की दुखू लागते, आणि मग ‘काल दुखत नव्हती’ ही नवी शंका तयार होते. भीतीने श्वास भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. भीतीचा परिणाम आजाराचे लक्षण म्हणून वाचला जातो.

मी स्वतः एके काळी रात्री अंथरुणात मनगट धरून ठोके मोजत असे. पहिल्या मिनिटाला ७६ भरत. ‘जरा जास्तच नाहीत का?’ एवढे मनात आले की दुसऱ्या मिनिटाला ८८, आणि तिसऱ्याला शंभराच्या घरात. स्वस्थ बसलेल्या प्रौढाचे ठोके साधारण ६० ते १०० असतात हे मला पाठ होते. त्याचा उपयोग एवढाच झाला की १०० हा आकडा केव्हा ओलांडला जातो याची मी वाट पाहू लागलो. मोजणे एका दमात थांबले नाही. आधी रात्रीतून सहा वेळांचे तीन वेळा केले, मग मोजण्याची इच्छा झाल्यावर दहा मिनिटे थांबायचे असे ठरवले, आणि त्या दहा मिनिटांत इच्छा वाढते, टेकते आणि उतरते, हे मला आयुष्यात पहिल्यांदा दिसले. हीच रीत मी सुचवेन: रोजची संख्या मोजावी, ती दर आठवड्याला साधारण निम्म्यावर आणावी आणि प्रत्येक वेळी थांबण्याचा अवधी वाढवत न्यावा. डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी, उदाहरणार्थ मधुमेहात साखर पाहणे, यात मोडत नाही. ती त्यांनी सांगितली असेल तेवढीच करावी.

माहिती शोधण्याबद्दल मायक्रोसॉफ्टमधील रायन व्हाइट आणि एरिक हॉर्विट्झ यांचा २००९ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. डोकेदुखीसारख्या नित्याच्या लक्षणावरून शोध सुरू केलेला माणूस क्वचित आढळणाऱ्या गंभीर आजारापर्यंत कसा पोहोचतो, हे त्यांनी तपासले. मेंदूतल्या गाठीबद्दल पुष्कळ मजकूर उपलब्ध आहे, कारण तो विषय गंभीर आहे. कामाच्या ताणाने दुखणाऱ्या डोक्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नसते. मजकुराचे प्रमाण आजाराच्या प्रमाणाशी जुळत नाही, आणि घाबरलेले मन मजकूर किती आहे त्यावरून शक्यता मोजते. येथे कमी करत जाण्यापेक्षा पूर्ण बंदीच सोपी पडते. प्रश्न कागदावर लिहून ठेवावा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारावा.

दिलासा मागणे सर्वांत चिवट असते, कारण त्यात दुसरे माणूस गुंतलेले असते आणि ते प्रेमापोटी उत्तर देत असते. १९८६ मध्ये पॉल साल्कोव्स्किस आणि हिलरी वॉरविक यांनी मांडले की असा दिलासा भीती थोडा वेळ उतरवतो आणि त्याच कारणाने ती टिकवतो. उतार मिळाला की पुढच्या शंकेला पुन्हा तोच उतारा हवासा वाटतो. म्हणून घरच्यांशी शांत वेळी बोलून एक वाक्य आधीच ठरवून ठेवावे. समजा, मुलगा आईला विचारतो, “आई, हे बघ ना, इथं कालच्यापेक्षा मोठं लागतंय का?” पूर्वी आई हात लावून म्हणत असे, “नाही रे, काही नाही, उगाच घाबरतोस,” आणि तासाभराने तोच प्रश्न परत येई. ठरल्यानंतर ती म्हणते, “तुला भीती वाटतेय ना, कळतंय मला. पण गाठीवर आपण बोलायचं नाही असं तूच म्हणाला होतास. चल, पायात चपला घाल, एक फेरी मारून येऊ.” पहिल्या काही वेळा मुलाला राग येईल, आई कोरडी झाली असे वाटेल. म्हणूनच ठरवण्याच्या वेळी ते वाक्य मुलाच्या तोंडून आलेले असावे. लादलेला नियम त्या क्षणी कोणी मानत नाही.

शंभर टक्के खात्री

रवंथाच्या तळाशी बहुधा एकच मागणी असते: मला आजार नाही याची पूर्ण खात्री हवी. ती कोणतीही तपासणी देऊ शकत नाही आणि कोणताही प्रामाणिक डॉक्टर देणार नाही. गंमत अशी की हाच माणूस रस्ता ओलांडताना, जिना उतरताना, अनोळखी चालकाच्या गाडीत बसताना अशी खात्री मागत नाही. त्यामुळे शंका आली की तिला पुरे उत्तर शोधण्याऐवजी अपुरे उत्तर द्यायला शिकावे: ‘असेलही, नसेलही, आत्ता हे ठरवायचे नाही.’ हे वाक्य म्हटल्यावर बरे वाटत नाही. पोटात गोळा येतो. तो गोळा येऊ द्यायचा आणि काम चालू ठेवायचे, हाच अभ्यास आहे. बरे वाटेपर्यंत ते वाक्य पुन्हा पुन्हा घोकले, तर त्याचाही दिलासा होऊन बसतो.

साल्कोव्स्किस यांनी आरोग्यचिंतेचा एक हिशेबही मांडला आहे. आजाराची वाटणारी शक्यता आणि त्याची वाटणारी भयानकता यांचा गुणाकार चिंता वाढवतो. आपण निभावून नेऊ हा विश्वास आणि मदत मिळेल हा विश्वास ती कमी करतो. लोक सगळी ताकद पहिल्या आकड्यावर खर्च करतात, शक्यता शून्यावर आणायला पाहतात. शेवटच्या दोन आकड्यांवर, म्हणजे या दोन विश्वासांवर, काम केले तर अधिक हाती लागते. आजार निघालाच तर पहिल्या आठवड्यात कोणाला फोन करीन, कोण सोबत येईल, पूर्वी एखादे मोठे संकट कसे निभावले होते, हे एकदा, एकदाच, लिहून काढावे आणि कागद घडी करून ठेवून द्यावा.

लक्ष वळवण्याची कसरत

वेल्स यांनी १९९० मध्ये लक्षाची एक कसरत सुचवली. ती सुमारे बारा मिनिटांची आहे आणि मन शांत असताना रोज करायची असते; घाबरल्यावर करायची नसते. डोळे उघडे ठेवून बसावे आणि आसपासचे निदान सहा आवाज हेरावेत, काही जवळचे, काही लांबचे, वेगवेगळ्या दिशांचे: पंखा, घड्याळ, नळ, रस्त्यावरचे वाहन, शेजारचे बोलणे, पक्षी. पहिली पाच मिनिटे एकेका आवाजावर लक्ष टिकवावे आणि बाकीचे मागे पडू द्यावेत. पुढची पाच मिनिटे एका आवाजावरून दुसऱ्यावर झपाट्याने उड्या माराव्यात. शेवटची दोन मिनिटे सगळे आवाज एकदम ऐकण्याचा प्रयत्न करावा. मध्येच शंका आली, छातीत धडधडले, तर तोही एक आवाज समजून असू द्यावा. शांत वाटण्यासाठी ही कसरत नाही. लक्ष शरीराला चिकटलेले असतानाही ते सोडवून दुसरीकडे नेता येते, हा सराव आहे, आणि सराव रोजचा असला तरच अडचणीच्या वेळी कामाला येतो.

रात्रीची गोष्ट थोडी वेगळी. अंधारात पडल्या पडल्या शंकेशी बोलणी करू नयेत. वीसेक मिनिटांत झोप आली नाही, तर उठावे, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणे काम करावे आणि डोळे जड झाल्यावर परतावे. उशाशी कागद ठेवावा, फोन ठेवू नये. आणि अहवालाची वाट पाहण्याचे दिवस असतील, तर ते वाईट जाणारच आहेत हे मान्य करावे. अहवाल केव्हा मिळेल ते एकदा विचारून घ्यावे आणि त्या वेळेआधी तीनदा फोन करू नये.

आपल्याने होत नसेल तेव्हा

सहा-आठ आठवडे नेटाने करूनही रवंथात जाणारी वेळ कमी होत नसेल, काम किंवा घर सुटत चालले असेल, किंवा तपासणीलाच जाण्याची भीती वाटू लागली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. बोधात्मक वर्तनोपचार म्हणजे सीबीटी या पद्धतीचा आरोग्यचिंतेवर चांगला उपयोग होतो. पीटर टायरर आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील रुग्णालयांच्या हृदय, पोट, मेंदू अशा नेहमीच्या बाह्यरुग्ण विभागांतून निवडलेल्या ४४४ रुग्णांवर केलेली चाचणी २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली, थोड्याच बैठकांचा हा उपचार नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरला आणि त्याचा परिणाम टिकला. काही जणांना नैराश्यावर वापरल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातील औषधांनीही आराम पडतो. ती मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत आणि मनाने बंद करू नयेत, विशेषतः दुष्परिणामांची माहिती वाचून. जगणे नको असे वाटू लागले, तर थांबू नये. त्याच दिवशी घरातल्या कोणाला तरी सांगावे आणि तातडीची मदत घ्यावी.

तज्ज्ञाकडे जाताना पहिल्या आठवड्याची वही सोबत न्यावी. काय होते आहे हे सांगताना आपण लक्षणांकडे घसरतो, आणि अर्धी भेट गाठीच्या वर्णनात जाते; वहीत मनाने काय केले ते लिहिलेले असते. बरे वाटू लागल्यावरही ती टाकून देऊ नये. सहा महिन्यांनी एखाद्या सकाळी दात घासताना काहीतरी नवे लागेल, हात आपोआप तिकडे जाईल आणि वाटेल की आधीचे सगळे ठीक होते, पण हे खरेच वेगळे आहे. तेव्हा वही उघडून पहिले पान वाचावे. तेथेही बहुधा हेच वाक्य, आपल्याच अक्षरात, लिहिलेले सापडते. त्याखाली आजची तारीख घालावी, चार शब्दांत शंका लिहावी आणि पुढे वेळ टाकावी: सव्वासहा.